तालुक्यातील शाळा ओपनस्ट्रीटमॅपवर नेताना: यादी कोठे वापरावी, पायी कोठे फिरावे

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या नकाशावर, आपल्या तालुक्यातील निम्म्या शाळा दिसत नाहीत असे ध्यानात आले, की बहुतेक उत्साही मंडळी आधी एखादी तयार यादी शोधतात, तिच्यातील अक्षांश-रेखांश संपादनाच्या साधनात ओततात आणि एका बैठकीत सगळे अपलोड करून मोकळी होतात. मग एकाच शाळेचे दोन-दोन बिंदू, तलावात पडलेल्या शाळा आणि रोमन लिपीवरून यंत्राने उलटवलेली चुकीची गावनावे असा पसारा नकाशावर उरतो. जुन्या संपादकांना तो निस्तरावा तरी लागतो, नाहीतर सगळे काम मागे फिरवावे लागते. दुसऱ्या टोकाची मंडळी कोणतीही यादी हाती न घेता गावोगाव फिरतात. त्यांच्याकडून मुख्य रस्त्यालगतच्या शाळा नोंदल्या जातात आणि डोंगरापलीकडच्या वाड्या राहून जातात. दोघांचीही चूक क्रमाची असते. यादी कशासाठी वापरायची आणि जागेवर जाऊन काय पाहायचे, हे त्यांनी आधी ठरवलेले नसते.

पुढील टप्पे एका तालुक्यातील जिल्हा परिषद शाळा हे उदाहरण धरून लिहिले आहेत. बसथांबे, आरोग्य उपकेंद्रे किंवा ग्रामपंचायत कार्यालये यांच्या याद्यांनाही थोड्याफार फरकाने हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १: यादीचा प्रत्येक स्तंभ वेगळा तपासावा

संपूर्ण यादी चांगली की वाईट असा निवाडा करू नये. एकाच यादीतील एक स्तंभ पूर्ण भरवशाचा आणि शेजारचा स्तंभ निरुपयोगी असू शकतो. शाळांच्या यादीत ‘यूडायस’ संकेतांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, असतो. तो अकरा अंकी असतो, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो आणि शाळेची ओळख पटवण्यासाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. शाळेचे नाव बहुधा रोमन लिपीत आणि आखडते घेऊन लिहिलेले असते, म्हणून ते तपासल्याशिवाय घेण्याजोगे नसते. अक्षांश-रेखांश कोणी, केव्हा आणि कसे भरले याचा पत्ता नसतो. पटसंख्या दरवर्षी बदलते, तिचे नकाशावर काम नाही. मुख्याध्यापकांचा भ्रमणध्वनी क्रमांक यादीत असला, तरी तो कोणत्याही परिस्थितीत नकाशावर जाता कामा नये. यादी उतरवून घेतल्याबरोबर तो स्तंभ काढून टाकावा.

असा विचार केला म्हणजे आयात आणि पायी सर्वेक्षण यांची विभागणी आपोआप स्पष्ट होते. गावाची शीव किंवा तालुक्याची हद्द जमिनीवर आखलेली दिसत नाही, त्यामुळे पायी फिरून ती नोंदवता येत नाही. तिच्यासाठी अधिकृत माहितीच हवी. उलट वाडीचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, गल्लीतील दुकान, शाळेचे फाटक नेमके कोणत्या बाजूला आहे, या गोष्टी कोणत्याही यादीत नसतात. शाळा या दोहोंच्या मध्ये येतात आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो.

माझे स्पष्ट मत असे आहे, की तालुका पातळीवरील बहुतेक याद्या सरसकट आयात करण्याजोग्या नसतात, पण टाकून देण्याजोग्याही नसतात. त्या प्रत्येक ओळ माणसाने डोळ्यांखालून घालून एकेक करून वापराव्यात, आणि ज्या ओळींचा उलगडा बसल्या जागी होत नाही त्यांची पायी फिरण्याची यादी करावी.

तपासणी: कागदावर तीन रकाने आखा: ‘यादीतून घेणार’, ‘जागेवर पाहणार’ आणि ‘घेणारच नाही’. यादीचा प्रत्येक स्तंभ यांपैकी एका रकान्यात बसला पाहिजे. एकही स्तंभ अधांतरी असेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: परवाना लेखी स्वरूपात हाती घ्यावा

संकेतस्थळावर उघड दिसते, उतरवून घेता येते, सरकारी आहे. यांपैकी कशानेही ती माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घालण्याचा अधिकार मिळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती सप्टेंबर २०१२ पासून ‘ओपन डेटाबेस लायसन्स’ या परवान्याखाली दिली जाते, आणि त्याच्याशी जुळणाऱ्या अटींवर मिळालेलीच माहिती तीत घालता येते. ‘अव्यावसायिक वापरापुरती’ किंवा ‘बदल न करण्याच्या अटीवर’ दिलेली माहिती चालत नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय’ या उदार वाटणाऱ्या परवान्याखालील माहितीसाठीसुद्धा धारकाकडून वेगळी लेखी संमती घ्यावी लागते. हा मुद्दा अनुभवी संपादकांच्याही नजरेतून सुटतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये शासकीय खुल्या माहितीसाठी स्वतंत्र परवाना अधिसूचित केला. मात्र तो त्याच्याखाली प्रसिद्ध झालेल्या माहितीपुरताच असतो. जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावरील तक्त्याला तो आपोआप लागू होतो असे गृहीत धरू नये. शंका असेल तर संबंधित कार्यालयाला साधे पत्र लिहावे. कोणती यादी हवी आहे, ती खुल्या नकाशात जाणार आहे, तेथून ती कोणीही, व्यावसायिक कामासाठीही, वापरू शकेल आणि श्रेय कसे दिले जाईल, या चार गोष्टी त्या पत्रात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. तोंडी होकार पुरत नाही.

इशारा: परवाना खुला असूनही अक्षांश-रेखांशांचा स्तंभ दूषित असू शकतो. यादी भरणाऱ्या कर्मचाऱ्याने गूगल मॅप्सवर बोट ठेवून ते आकडे उतरवले असतील, तर त्यांवर गूगलचा हक्क येतो आणि कार्यालयाच्या परवानगीने तो दोष जात नाही. आकडे कसे गोळा केले, हा प्रश्न पत्रात जरूर विचारावा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर संकेतांक आणि नावापुरतीच यादी वापरावी.

## टप्पा ३: नमुना निवडून जागेवर जावे

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच निघतात. यादी किती भरवशाची आहे हे संगणकासमोर बसून कळत नाही, कारण उपग्रहचित्रात लांबट पत्र्याची इमारत दिसली की ती शाळा असल्यासारखी वाटू लागते. प्रत्यक्षात ते गोदाम असते किंवा समाजमंदिर.

तालुक्यात तीनेकशे शाळा असतील तर तीसेक निवडाव्यात. निवड सोयीने करू नये. तक्त्यात यादृच्छिक संख्यांचा एक स्तंभ घालावा, त्यानुसार यादी लावावी आणि वरच्या ओळी घ्याव्यात. ओळखीच्या किंवा डांबरी रस्त्यालगतच्या शाळाच पाहिल्या तर निष्कर्ष हमखास गोड येतो, कारण तेथे नोंद करणाऱ्यालाही पोहोचणे सोपे होते. निवडीत एकही आडवळणाची वस्ती आली नाही तर अशा चार-पाच शाळा वेगळ्या जोडाव्यात.

प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी टिपाव्यात: शाळा खरोखर आहे का, यादीतील बिंदूपासून फाटक किती अंतरावर आहे, पाटीवरील नाव यादीशी जुळते का, आणि त्याच आवारात दुसरी शाळा किंवा अंगणवाडी आहे का. मी वापरतो तो निकष असा: दहापैकी एकापेक्षा अधिक बिंदू शंभर मीटरहून जास्त चुकले असतील, तर यादीतील स्थान नकाशावर ठेवायचे नाही, ते केवळ शोधाची दिशा म्हणून वापरायचे.

इशारा: मे महिन्यात फाटकाला कुलूप दिसले म्हणून शाळा बंद पडली असे ठरवू नये. शाळा जूनच्या मध्यानंतर भरतात, आणि विदर्भात त्याहूनही उशिरा. चालू-बंदचा निर्णय शाळा भरण्याच्या काळातच घ्यावा.

## टप्पा ४: योजना लिहून चर्चेला ठेवावी

आयातीची योजना ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर स्वतंत्र पानावर लिहावी आणि भारतातील संपादकांसमोर तसेच आयातीवर लक्ष ठेवणाऱ्या गटासमोर ठेवावी. पानावर यादीचा उगम, परवान्याचा पुरावा, नमुना पडताळणीचे निकाल, कोणता स्तंभ कोणत्या टॅगमध्ये (नकाशावरील नोंदीला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात) जाणार, आधीच्या नोंदींशी जुळणी कशी करणार आणि काही बिघडले तर मागे कसे फिरवणार, हे सर्व असावे. आक्षेप येतील तर त्यांची उत्तरे द्यावीत, आणि कोणी काही बोललेच नाही तर आणखी काही दिवस थांबून पुन्हा विचारावे. एका संध्याकाळी संदेश टाकून दुसऱ्या सकाळी अपलोड सुरू करण्याला चर्चा म्हणत नाहीत.

आयातीसाठी स्वतंत्र खाते उघडावे. आपले रोजचे संपादन आणि आयात एकाच खात्यातून झाली, तर पुढे आयात मागे फिरवताना दोन्ही वेगळी काढणे अतिशय कटकटीचे होते.

## टप्पा ५: यादी साफ करावी

येथे घाई करू नये. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी आणि काम प्रतीवर करावे.

आकड्यांची तपासणी. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ या दरम्यानच येतात. याबाहेरची प्रत्येक ओळ बाजूला काढावी. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही सर्रास आढळणारी चूक आहे. पुण्याचे १८.५ आणि ७३.८ हे आकडे उलटे पडले तर बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो, त्यामुळे ही चूक निदान दिसते तरी.

अंश-मिनिटांची चूक मात्र दिसत नाही. १८ अंश ४५ मिनिटे म्हणजे दशांशात १८.७५, पण अनेक याद्यांत तेच १८.४५ असे लिहिलेले असते आणि बिंदू सुमारे तेहेतीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. तेथेही एखादे गाव असतेच, म्हणून वरवर पाहता शंका येत नाही. ओळखण्याची युक्ती अशी: स्तंभातील दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक पाहावेत, शेकडो ओळींत ते कधीच ५९ च्या वर जात नसतील, तर ते आकडे अंश-मिनिटांचे आहेत असे समजावे. मात्र लहान तालुक्याचा विस्तारच अर्ध्या अंशाहून कमी असू शकतो, त्यामुळे ही परीक्षा शक्यतो जिल्ह्याच्या पूर्ण यादीवर करावी.

दशांशानंतर किती अंक आहेत हेही मोजावे. दोनच अंक असतील तर एक किलोमीटरभराची ढिलाई आहे, तीन असतील तर शंभर मीटरच्या आसपासची. मागाहून शून्ये जोडून आकडा लांबवलेला असेल तर त्याने अचूकता वाढत नाही.

आकडे लाखांत किंवा दहा लाखांत असतील तर ते अंश नसून मीटरमधील प्रक्षेपित निर्देशांक आहेत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर हा भाग यूटीएम या मीटरमधील निर्देशांक पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात आणि नागपूर, चंद्रपूर, गोंदिया हा भाग ४४ व्या पट्ट्यात येतो; म्हणजे ‘क्यूजीआयएस’ या नकाशाच्या संगणकप्रणालीत अनुक्रमे ईपीएसजी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ३२६४३ आणि ३२६४४ निवडून ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत, रूपांतर करावे लागते. रूपांतरानंतर सगळेच बिंदू एका दिशेला सारखेच सरकलेले दिसत असतील, तर मूळ माहिती जुन्या एव्हरेस्ट संदर्भपद्धतीतील असण्याचा संभव आहे. अशा वेळी बिंदू हाताने ओढून जुळवू नयेत, मूळ संदर्भपद्धती शोधून पुन्हा रूपांतर करावे.

शेवटी, एकाच बिंदूवर किती शाळा आल्या आहेत ते पाहावे. आठ-दहा शाळांचे अक्षांश-रेखांश तंतोतंत सारखे असतील, तर ते बहुधा केंद्रशाळेचे किंवा गावाच्या मध्यबिंदूचे आहेत. गावाचा मध्यबिंदू म्हणजे गावठाण नव्हे. महसुली हद्दीचा भौमितिक मध्य काढलेला असेल तर तो शिवारात, टेकडीवर किंवा पाण्यात पडू शकतो.

नावांची तपासणी. यादीतील एक ओळ जवळून पाहू. रोमन अक्षरांत ‘झेडपीपीएस वडगाव बीके’ असे लिहिलेले आहे. पहिला भाग म्हणजे जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, आणि शेवटचे ‘बीके’ म्हणजे बुद्रुक. ‘केएच’ असते तर खुर्द. आता मधले नाव. तीच रोमन अक्षरे वडगाव अशीही वाचता येतात आणि वाडगाव अशीही. ‘ळ’ आणि ‘ल’ यांच्या बाबतीत तर रोमन लिपी काहीच सांगत नाही: शेळगाव की शेलगाव, माळवाडी की मालवाडी, हे त्या गावची पाटी वाचल्याशिवाय ठरत नाही. म्हणून यंत्राने लिप्यंतर केलेले नाव मराठी नावाच्या टॅगमध्ये कधीही भरू नये. मराठी नाव माहीत नसेल तर तो टॅग रिकामा ठेवावा. रिकामी जागा पुढच्या माणसाला काम शिल्लक आहे असे सांगते. चुकीचे नाव मात्र बरोबर असल्याच्या थाटात वर्षानुवर्षे टिकते आणि तेथून इतर नकाशांत पसरते.

मराठी यादी मिळालीच तर ती श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये असू शकते. ती युनिकोडमध्ये बदलल्यावर जोडाक्षरे एकदा वाचून काढावीत. ‘नऱ्हे’, ‘गोऱ्हे’ अशा नावांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे समजतो आणि जुळणी करताना एकाच शाळेच्या दोन नोंदी तयार होतात. सगळीकडे एकच पद्धत आणून घ्यावी.

नाव टॅगमध्ये पूर्ण लिहावे. ‘जि. प. प्रा. शाळा’ असे न लिहिता ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, वडगाव बुद्रुक’ असे लिहावे. जुन्या यादीत औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असे जिल्ह्याचे नाव असेल तर चालू नाव वापरावे.

तपासणी: यूडायस संकेतांकाचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवला आहे ना, हे पाहावे. संख्या म्हणून ठेवल्यास तक्ता तो घातांकाच्या रूपात दाखवू शकतो आणि तसाच जतन झाला तर शेवटचे अंक कायमचे जातात. अकरा अंक नसलेली किंवा २७ ने सुरू न होणारी प्रत्येक ओळ बाजूला काढावी.

## टप्पा ६: नकाशावर आधी असलेल्या नोंदींशी जुळवावे

ओव्हरपास टर्बो हे नकाशातील माहिती शोधून देणारे संकेतस्थळ वापरून तालुक्यातील सध्याच्या शाळा उतरवून घ्याव्यात. केवळ शाळेचा टॅग असलेल्या वस्तू मागवून भागत नाही. कोणी फक्त इमारतीला शाळा म्हटलेले असते, कोणी नावात ‘शाळा’ लिहून टॅग दुसराच दिलेला असतो. हे तिन्ही प्रकार मागवावेत.

मग ‘जेओएसएम’ या संपादनाच्या साधनात साफ केलेली यादी एका लेयरवर आणि उतरवलेली माहिती दुसऱ्या लेयरवर उघडावी. दोन्ही लेयर एकत्र करण्याची घाई करू नये. जुळणीसाठी त्यात ‘कॉन्फ्लेशन’ नावाचे प्लगइन आहे. ते जवळच्या जोड्या सुचवते, पण निर्णय माणसानेच घ्यायचा असतो. अंतर कमी आणि नाव जुळते, तर जोडी मान्य करावी. अंतर कमी पण नाव वेगळे, तर थांबावे: एकाच आवारात प्राथमिक शाळा आणि रयत किंवा अन्य संस्थेचे माध्यमिक विद्यालय असणे ही नेहमीची गोष्ट आहे. नाव जुळते पण अंतर दोन किलोमीटर, तर ती बहुधा वाडीवरची दुसरी शाळा असते, किंवा बुद्रुक आणि खुर्द यांची गल्लत झालेली असते.

जोडी जुळल्यावर पुढील तीन नियम कसोशीने पाळावेत. पहिला, आधीची नोंद पुसून नवी टाकू नये. जुन्याच नोंदीत संकेतांकासारखी उणी माहिती भरावी, म्हणजे तिचा इतिहास टिकतो. दुसरा, आवाराची हद्द आधीच काढलेली असेल तर टॅग त्या हद्दीला द्यावेत आणि आत वेगळा बिंदू ठेवू नये. एका वस्तूची नकाशावर एकच नोंद असावी. तिसरा, आधीची नोंद कोणी जागेवर जाऊन केली असल्याचे तिच्या इतिहासावरून दिसत असेल, तर यादी आणि ती यांच्या वादात तीच खरी मानावी. यादी नवी आहे एवढ्यावरून ती अधिक बरोबर ठरत नाही.

इशारा: यादीत नाही म्हणून नकाशावरील शाळा काढून टाकू नये. खासगी शाळा, आश्रमशाळा किंवा अलीकडे सुरू झालेल्या शाळा तुमच्या यादीच्या कक्षेतच नसतील.

धरणग्रस्त गावांबाबत विशेष काळजी घ्यावी. कोयना किंवा उजनी यांच्या बुडीत क्षेत्रातील गावांची नावे पुनर्वसित गावांना मिळालेली आहेत, काही तर वेगळ्या तालुक्यात वसलेली आहेत. अशी जोडी नावावरून जुळवल्यास शाळा चुकीच्या जागी जाते. या ओळी सरळ पायी पाहण्याच्या यादीत टाकाव्यात.

## टप्पा ७: थोडे अपलोड करावे, थांबावे, पाहावे

एका चेंजसेटमध्ये, म्हणजे एकत्र चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, दहा हजारांपर्यंत वस्तू बसतात, पण ती मर्यादा गाठण्यात काही अर्थ नाही. पहिला चेंजसेट एका केंद्रातील, म्हणजे एका केंद्रशाळेच्या गटातील, दहा-बारा शाळांचा असावा. अपलोडपूर्वी जेओएसएममधील व्हॅलिडेटर चालवावा आणि त्याने दाखवलेल्या चुका दुरुस्त कराव्यात. चेंजसेटच्या टिप्पणीत कोणती यादी, कोणता भाग आणि विकीवरील पानाचा दुवा द्यावा, उगमाच्या टॅगमध्ये यादीचे नाव व वर्ष लिहावे आणि ही आयात असल्याची खूण करावी. त्यानंतर दोन-तीन दिवस थांबावे. कोणी चेंजसेटवर प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढचा भाग चढवू नये. उरलेले काम केंद्रानिहाय करावे, कारण लहान भौगोलिक तुकडा तपासणाऱ्याला एका नजरेत दिसतो.

इशारा: अपलोड चालू असताना इंटरनेट तुटले तर पुन्हा बटण दाबू नये. अर्धी माहिती सर्व्हरवर पोहोचलेली असू शकते, आणि दुसऱ्यांदा चढवल्यास प्रत्येक शाळा दोनदा येते. आधी त्या भागातील माहिती नव्याने उतरवून काय पोहोचले ते पाहावे, मग उरलेले चढवावे.

तपासणी: प्रत्येक तुकड्यानंतर ओव्हरपास टर्बोची तीच चौकशी पुन्हा चालवावी. शाळांची वाढलेली संख्या आणि तुम्ही नव्याने घातलेली संख्या सारखी आली पाहिजे. फरक आला तर कारण सापडेपर्यंत काम थांबवावे. मागे फिरवायचेच असेल तर ते लगेच करावे, कारण इतरांनी त्याच नोंदींवर काम सुरू केल्यावर ते फार अवघड होते.

## टप्पा ८: उरलेल्या ओळी घेऊन पायी निघावे

आतापर्यंत बाजूला काढलेल्या ओळी, अंतर न जुळलेल्या जोड्या, मराठी नाव रिकामे राहिलेल्या शाळा आणि पुनर्वसित गावे, या सर्वांची मिळून आता फिरण्याची यादी तयार झालेली असते. ती रस्त्यांनुसार लावावी. एका फाट्यावरून आत गेल्यावर दोन-तीन गावे आणि त्यांच्या वाड्या एकाच फेरीत व्हाव्यात, असा क्रम ठेवावा.

निघण्यापूर्वी फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा, कॅमेऱ्यात स्थाननोंद चालू करावी आणि फिरताना जीपीएस माग नोंदवणारे ॲप चालू ठेवावे. जागेवरच नोंद करायची असेल तर ‘एव्हरी डोअर’ सोपे पडते, आणि अँड्रॉइडवर सगळे संपादन हाताशी हवे असेल तर ‘वेस्पुची’ चांगले. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ मुख्यतः नकाशावर आधीच असलेल्या वस्तूंच्या उणिवा विचारते, त्यामुळे ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे.

शाळेपाशी पोहोचल्यावर फाटकाजवळ उघड्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट थांबावे, म्हणजे फोनचे स्थान स्थिर होते. खोल दरीत, दाट झाडीत किंवा उंच भिंतीलगत ते बराच वेळ हेलकावे खाते. तेथे फोनच्या बिंदूपेक्षा उपग्रहचित्रातील इमारतीचा आधार घ्यावा. पहिले छायाचित्र पाटीचे, दुसरे फाटकाचे, तिसरे दुरून दिसणाऱ्या आवाराचे घ्यावे. पाटीवर नाव जसे आहे तसेच टिपावे. आवारात दोन इमारती आणि कोपऱ्यात अंगणवाडीची खोली असेल तर कागदावर कच्चा आराखडा काढावा: फाटक कोठे, कोणती इमारत कशाची, पाण्याचा नळ कोठे. पाच रेघांचा असा आराखडा संध्याकाळी नोंद करताना दहा छायाचित्रांहून अधिक उपयोगी पडतो.

शाळा भरलेली असेल तर आधी मुख्याध्यापकांना किंवा गुरुजी-बाईंना भेटून काम सांगावे आणि मगच छायाचित्र काढावे. मुले छायाचित्रात येऊ देऊ नयेत. संरक्षण दलांच्या हद्दीलगत कॅमेरा बाहेर काढू नये.

याच वेळी आणखी एक काम साधून घ्यावे, आणि माझ्या मते पायी सर्वेक्षणाचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे. जनगणनेच्या याद्यांत महसुली गावे असतात. वाड्या, वस्त्या आणि पाडे त्यांत स्वतंत्रपणे सापडत नाहीत. शाळेतील शिक्षकांना मुले कोणकोणत्या वस्त्यांवरून येतात हे तोंडपाठ असते. ती नावे विचारून, शुद्धलेखनासह लिहून घ्यावीत, दिशा आणि अंदाजे अंतर टिपावे आणि परतताना जेवढ्या वस्त्यांवर जाता येईल तेवढ्यांवर जावे. ज्या वस्तीवर जाऊन तेथील दोन माणसांकडून नाव पक्के केले तीच नकाशावर घालावी. केवळ ऐकलेल्या नावांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर टीप सोडावी, म्हणजे पुढे त्या बाजूला जाणारा कोणी ते काम पुरे करील.

नोंदी त्याच दिवशी चढवाव्यात आणि त्या आयातीच्या खात्यातून न करता आपल्या नेहमीच्या खात्यातून, उगम ‘सर्वेक्षण’ असा देऊन कराव्यात. उपग्रहचित्रावरून इमारत काढण्यापूर्वी चित्र सरकलेले आहे का, हे एकाच रस्त्याचे अनेक जीपीएस माग एकत्र पाहून तपासावे. डोंगराळ भागात हे सरकणे दरीगणिक बदलते, त्यामुळे एका गावात केलेली दुरुस्ती पुढच्या गावात तशीच वापरू नये.

## टप्पा ९: देखभालीची जबाबदारी नेमून ठेवावी

अमेरिकेत २००७-०८ च्या सुमारास जनगणना विभागाच्या ‘टायगर’ या संचातील रस्ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आयात झाले, तेव्हा प्रत्येक रस्त्याला ‘तपासलेला नाही’ अशा अर्थाची खूण लावण्यात आली होती. त्यांतील कितीतरी रस्त्यांवर ती खूण आजही तशीच आहे. आयात करणारे हात आणि तपासणारे हात यांचे प्रमाण बिघडले की असेच होते. म्हणून तालुक्यात नियमित फिरू शकणारी तीन-चार माणसे नसतील, तर तीनशे शाळांऐवजी साठ शाळांचेच काम हाती घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन.

दरवर्षी नवी यादी आली की ती पुन्हा आयात करू नये. जुनी आणि नवी यादी संकेतांकावरून ताडून पाहावी आणि तीन गट करावेत: नव्याने आलेले संकेतांक, गायब झालेले संकेतांक आणि नाव बदललेले संकेतांक. नवे संकेतांक सहाव्या टप्प्यापासून पुढे न्यावेत. बदललेली नावे पाटीवरून पक्की करावीत. गायब झालेल्या शाळा टेबलाशी बसून पुसू नयेत. कमी पटामुळे शाळा दुसरीत विलीन झाली असेल तरी इमारत उभी असते आणि तेथे अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीचे काम चालू असू शकते. तेथे जाऊन पाहावे, शाळेचा टॅग ‘वापरात नाही’ या स्वरूपात बदलावा, इमारत तशीच ठेवावी आणि पाहिल्याची तारीख नोंदीत लिहावी.